खाडीकाठच्या छोट्या प्रकाशकांची पुस्तकं कोणी कोणी वाचलीत? कशी वाटली?

कातळफूल (रत्नागिरी)

मंडळी, हा धागा काढायचं पाऊस सुरू झाल्यापासून मनात होतं, पण आधी लावणी मग गणपती असं करत राहून गेलं, आज बसलेच. आमच्या रत्नागिरी-राजापूर पट्ट्यात खाडीच्या तोंडाशी एक बंदर आहे, तिथे एक नवरा-बायको घरातल्या माडीवरून पुस्तकं काढतात. आजवर चार काढलीत. नाव लिहीत नाही कारण वहिनींना फोन करून विचारलं तर म्हणाल्या की पुस्तकांबद्दल काय वाटलं ते मनापासून लिहा, चुका तर नक्की लिहा, पण त्याची जाहिरात व्हायला नको. ज्यांनी वाचलीत त्यांना कळेलच कोणती ती. एक खाडीतल्या मासेमारीचं, एक संगमेश्वरी बोलीतल्या कथांचं, एक पावसाळी रानभाज्यांचं आणि एक सड्यावरच्या (डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावरच्या) फुलांचं बारकं पुस्तक.

सुरुवात कथांपासून करते कारण ती माझ्यापेक्षा आमच्या आईची गोष्ट आहे. आईचं शिक्षण चौथी. पोथी आणि पंचांग सोडून तिला काही वाचताना मी कधी बघितलं नव्हतं. जुलैत चार दिवस लाईट नव्हती, टीव्ही बंद, तेव्हा पडवीत बसून तिनं हे पुस्तक उघडलं. ती ओळीखाली बोट ठेवून वाचते, ओठ हलतात. तिचं बोट एका वाक्यावर थांबलं ते थांबलंच, म्हणून मी जाऊन बघितलं. वाक्य होतं, “आवशीनं भाकरी केलीन नि चुलीम्होरं बसूनच खाल्लीन.” तिनं ते परत मोठ्यानं वाचलं आणि मला म्हणाली, “हे असं छापतात?” मी म्हटलं छापलंय ना. तर म्हणाली, “असं बोललो म्हणून गुरुजी आम्हाला हातावर छडी देत.”

बाहेरच्या लोकांसाठी सांगते, आवस म्हणजे आई, आणि आमच्याकडे क्रियापदाला शेवटी जो ‘न’ लागतो त्यात करणारा तो किंवा ती आहे हे आपोआप येतं. भात खाल्लान, भाकरी खाल्लीन, पाणी प्यायलंन. कोणी खाल्ला हे वेगळं सांगावं लागत नाही. शाळेत हेच आमच्या तोंडून घासून पुसून काढलं गेलं, मी स्वतः कॉलेजात गेल्यावर मुद्दाम सोडलं कारण मुली हसायच्या. आता चाळिशी उलटल्यावर ते छापील बघितलं आणि खरं सांगते, मला जे वाटलं ते अजून नीट शब्दात मांडता येत नाहीये.

एकच गोष्ट खटकली. पहिल्या कथेत हा ‘न’ कुठेच नाही. तिथल्या बायका केली, खाल्ली, गेली असं बोलतात आणि दुसऱ्या कथेपासून एकदम केलीन, खाल्लीन. आई म्हणाली पहिल्या गोष्टीतली बाई मुंबईला राहून आलेली दिसते. ते तसं मुद्दाम केलंय का चूक आहे? कोणाला माहीत असेल तर सांगा. आणि तुम्ही काय वाचलंत, काय आवडलं काय नाही, सविस्तर लिहा.


चाकरमानी (विरार)

कातळफूलताई धागा काढलात ते बरं केलंत. माझ्याकडे मासेमारीचं आहे. गणपतीला गावी गेलो तेव्हा चुलतभावानं हातात दिलं, परतीच्या गाडीत बसायला जागा नव्हती, डब्याच्या दाराशी पिशवीवर बसून चिपळूण ते पनवेल सगळं वाचून काढलं.

रापणीचं प्रकरण मी तीनदा वाचलं. लहानपणी मामाच्या गावी रापण ओढायला आम्ही पोरं पण हात लावायचो त्यामुळे मला ते सगळं माहीत आहे असं मी समजत होतो. पण त्या पुस्तकात जो म्हातारा बोलतो तो आधी पाण्याबद्दल बोलतच नाही, तो वाळूबद्दल बोलतो. होडी अर्धगोल फिरून जाळं सोडत येते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, दोन्हीकडे माणसं उभी राहतात, हे आपल्याला दिसतं. तो सांगतो की ओढताना टाच वाळूत रुतवायची, बोटं नाही, बोटं रुतवलीत तर दुसऱ्या दिवशी चालता येत नाही. आणि दोन्ही तुकड्या ओढता ओढता एकमेकांकडे सरकत येतात, शेवटी इतक्या जवळ येतात की मघापासून लांबून शिव्या देणारा माणूस तुमच्या खांद्याला खांदा लावून उभा असतो. हे मी स्वतः अनुभवलेलं आहे आणि तरी माझ्या लक्षात आलेलं नव्हतं. मग मासळी वाळूवर आल्यावर वाटे कसे पडतात, होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा, आणि नुसता दोराला हात लावलेल्या पोरालासुद्धा मूठभर मासळी द्यायची रीत. ती मूठभर मासळी मी पानात बांधून मामीकडे नेलेली आहे हो. डब्याच्या दारात बसून डोळे भरून आले.

तक्रार म्हणाल तर दोन. अक्षर बारीक आहे, माझ्या वडिलांना वाचवेना, शेवटी मी फोनवर वाचून दाखवतोय रोज दोन पानं. आणि १४४ पानांना २२० रुपये जरा जास्त वाटले, माझ्या मित्राला सांगितलं तर तो म्हणाला एवढ्यात मोठ्या प्रकाशनाची जाडजूड कादंबरी सवलतीत येते.


तांडेल (मालवण)

मी मालवणचो. ह्यां मासेमारीचां पुस्तक माका भाच्यान आणून दिल्यान. सगळ्यांना कळावं म्हणून पुढचं मराठीत लिहितो.

पुस्तक चांगलंच आहे, पण त्यात एक चूक अशी आहे की ती कोणीही दर्यावर्दी माणूस माफ करणार नाही. एका ठिकाणी लिहिलंय, “अष्टमीच्या उधाणात होडी बांधावर चढली.” अष्टमीला उधाण नसतं. उधाण पुनवेला आणि अवसेला, आणि त्याच्या पुढचे दोन-तीन दिवस. अष्टमीच्या आसपास भांग असतो, भांगाला पाणी चढतही कमी आणि उतरतही कमी. ज्यानं हे सांगितलं त्या म्हाताऱ्यानं असं म्हटलेलंच नसणार, लिहून घेणाऱ्याकडून मागेपुढे झालं असेल.

दुसरं असं की भरतीची वेळ काढायचं गणित त्यांनी एका ओळीत उरकलंय आणि ते सविस्तर हवं होतं, कारण आताच्या पोरांना मोबाईलवर तक्ता मिळतो, गणित येत नाही. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता भरती पुरी. अष्टमीला आठ पाऊणे सहा, सहा वाजता. पुनवेला आणि अवसेला बाराच्या सुमारास. दिवसाची तीच रात्रीची, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पुरी. रोज भरती पाऊण तासानं पुढे जाते त्यातून हे गणित आलंय. हे तोंडाकडचं झालं, खाडीत जेवढे आत जाल तेवढी भरती उशिरा पोचते, ते प्रत्येक खाडीचं वेगळं आणि ते तिथल्याच माणसाला माहीत. माझ्या वडिलांना लिहितावाचता येत नव्हतं पण झोपेतून उठवून तिथी सांगितलीत तर पाणी कुठवर असेल ते सांगायचे.

एवढं सोडलं तर पाग (हातानं फेकायचं गोल जाळं) कसा फेकावा त्याचं वर्णन एकदम बरोबर आहे. पागाचा दोर मनगटाला, काठ थोडा दातात धरायचा, आणि अंगाला पीळ देऊन सोडायचा म्हणजे तो गोल उघडून पडतो. दातात धरल्यावर तोंडात जी खारट चव येते तीसुद्धा लिहिली आहे. हे बघितल्याशिवाय लिहिता येत नाही.


जुळारी

इतका वेळ वाचत होतो, आता लिहिणं भाग आहे कारण ह्यातल्या दोन पुस्तकांची अक्षरजुळणी मी केली आहे. कातळफूलताईंनी विचारलेल्या ‘न’चं उत्तर माझ्याकडे आहे.

ती चूक आहे, मुद्दाम केलेलं नाही. कथांचं पुस्तक प्रुफं तपासायला शहरातल्या एका अनुभवी बाईंकडे पाठवलं होतं. त्या अतिशय काटेकोर. त्यांनी पहिल्या कथेतले सगळे ‘न’ लाल शाईनं काढले, केलीन चं केली, खाल्लान चं खाल्ला, कारण त्यांना ते टायपिंगमधलं जास्तीचं अक्षर वाटलं. मला पान आलं तसं मी दुरुस्त करत गेलो, मी मूळचा घाटावरचा, मलाही कळलं नाही. दुसऱ्या कथेची प्रुफं वहिनींच्या हातात आधी पडली म्हणून तिथून पुढचं वाचलं. पण तोवर पहिल्या कथेचे फॉर्मे (एकत्र छापली जाणारी सोळा-सोळा पानं) छापून झाले होते. लेखकानं पुस्तक हातात घेतल्यावर काही बोललाच नाही, नुसतं ते पान उघडून ठेवून बसला, ते मला फार लागलं. तेव्हापासून बोलीतलं पुस्तक असेल तर मी आधी लेखकाकडून दोन पानं मोठ्यानं वाचून घेतो, फोनवर रेकॉर्ड करतो आणि ते ऐकत प्रूफ बघतो.

दुसरी चूक माझी एकट्याची आहे आणि ती अजून इथे कोणी काढली नाही, मीच सांगतो. फुलांच्या पुस्तकात एके ठिकाणी “दर्या ओलांडून सड्यावर यावं” असं छापलं गेलंय. ते दऱ्या आहे, डोंगरातल्या दऱ्या. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला की हा ऱ्य चा बारीक र रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. घाटावर एक वेळ वाचक समजून घेईल, पण कोकणात दर्या म्हणजे समुद्र, तिथे वाक्याचा अर्थच उलटला. समुद्र ओलांडून सड्यावर या. शुद्धिपत्राची चिठ्ठी आम्ही उरलेल्या प्रतींत घातली, आधी गेलेल्यांत नाही. ज्यांच्याकडे चिठ्ठी नसेल त्यांनी पेनानं दुरुस्त करून घ्या, माझी विनंती आहे.

चाकरमानी दादा, किमतीबद्दल. १४४ पानं म्हणजे सोळा पानी नऊ फॉर्मे. मोठं प्रकाशन एका वेळी हजारांत छापतं तेव्हा जुळणी, मुखपृष्ठ, प्लेटा ह्यांचा खर्च तेवढ्या प्रतींवर विभागला जातो. इथे पाचशे प्रती. तोच खर्च पाचशेवर. त्यात दुकानात ठेवायचं तर विक्रेत्याचं कमिशन चाळीस टक्क्यांच्या आसपास जातं आणि पैसे कधी येतील ते त्याच्या मर्जीवर. म्हणून ते दोघं स्वतः जत्रेत, शाळेत, लग्नाच्या हॉलबाहेरसुद्धा टेबल लावतात. अक्षराबद्दलचं मात्र तुमचं म्हणणं बरोबर, एक फॉर्मा वाचवायला आम्ही अक्षर लहान केलं. वडिलांना त्रास झाला ते वाईट वाटलं.


अळूवडी (अलिबाग)

रानभाज्यांच्या पुस्तकाबद्दल कोणीच लिहीत नाहीये म्हणून मी. माझ्या सासूबाई आणि मी दोघींनी मिळून वाचलं, त्या ओट्याशी आणि मी खुर्चीत असं. टाकळा, भारंगी, फोडशी, कुर्डू, अळू सगळं आहे, आणि माप वाटी-चमच्यात न देता ‘मुठीत मावेल एवढा’ असं दिलंय ते आम्हाला फार आवडलं कारण भाजी तशीच खुडतात.

पण शेवळांची कृती धोक्याची आहे. त्यांनी चिरून, फोडणीत परतून, खोबरं घालून वाढा असं लिहिलंय. अहो शेवळं खाजतात! आमच्या रायगडात पहिल्या पावसाच्या आधी शेवळं बाजारात येतात तेव्हा त्यांच्याबरोबर काकडं विकायला असतातच, ती आंबट फळं, त्यांचा रस घातल्याशिवाय कोणी शेवळं शिजवत नाही. काकडं नाही मिळाली तर चिंच तरी सढळ हातानं. आणि आतला पिवळा भाग आधी काढून टाकायचा. कोणी नवीन मुलीनं पुस्तक बघून भाजी केली तर घरातल्या सगळ्यांचे घसे धरतील. मी वहिनींना पत्र लिहिलं होतं, पोस्टकार्ड. त्यांचं आठवड्यात उत्तर आलं की रत्नागिरीकडे शेवळं फारशी कोणी करत नाही, एका ओळखीच्या बाईंनी सांगितलेली कृती तशीच घातली, पुढच्या छपाईत तुमची घालू, तुम्ही लिहून द्या. मी दोन पानं लिहून पाठवली. आयुष्यात पहिल्यांदा मी काही छापण्यासाठी लिहिलं. सासूबाईंनी मला तीनदा खोडायला लावलं, त्यांना ‘चवीनुसार’ हा शब्द नको होता, त्या म्हणाल्या चव कोणाची ते लिही.


ग्रंथपाल_तालुका

आमचं शासनमान्य ‘ड’ वर्गाचं गावातलं वाचनालय. चारही पुस्तकं आमच्याकडे आहेत. अनुभव लिहितो.

सर्वांत जास्त फिरतं ते रानभाज्यांचं. परत येतं तेव्हा पानावर हळदीचे डाग असतात, मी आता ओरडणं सोडून दिलं, ब्राऊन पेपरचं कव्हर जाड घातलं. मासेमारीचं पुस्तक पुरुष नेतात आणि लवकर परत करत नाहीत, एकानं तर सांगितलं की होडीवर आहे, येईल तेव्हा येईल. कथांचं पुस्तक एक आजोबा इथेच टेबलावर वाचतात, घरी नेत नाहीत. का ते मी विचारलं नाही.

प्रकाशकांना माझी एक कळकळीची सूचना आहे आणि ती बांधणीची. नुसता डिंक लावून पाठ चिकटवलेली पुस्तकं कोकणात टिकत नाहीत. श्रावणापर्यंत हवा इतकी ओली असते की पाठ सुटते आणि पानं हातात येतात. फुलांच्या पुस्तकाची आमची प्रत पहिल्याच पावसाळ्यात सुटली, गुळगुळीत कागद एकमेकांना चिकटला आणि गेंदाच्या फुलाचा फोटो समोरच्या पानावर उमटला. शिवणीची बांधणी करा, दहा-वीस रुपये जास्त घ्या, आम्ही देऊ. बुरशी, कसर, वाळवी ह्यांच्याशी आम्ही वर्षभर झगडतोच. वेखंडाचे तुकडे ठेवतो, दर ऑक्टोबरला ऊन पडलं की सगळी पुस्तकं अंगणात मांडतो. चिपळूणला २००५ आणि २०२१ च्या पुरांत किती पुस्तकं चिखलात गेली ते आपण सगळ्यांनी बघितलंय. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासून ह्याच हवेत उभं आहे, म्हणजे पुस्तकं इथे जपता येतात, पण आधी ती नीट बांधलेली हवीत.


मैत्रेयी_प (नागपूर)

मी कोकणातली नाही, मला हे पुस्तक मैत्रिणीनं वाढदिवसाला पाठवलं, कथांचं. प्रामाणिकपणे लिहिते. पहिली कथा सहज वाचली (आता कळलं का ते!) आणि दुसरीत अडखळले. आवस, म्होरं हे अंदाजानं कळतं पण शेतीचे आणि घराचे शब्द, वरकस, राब, पडवी, मांगर, ह्यातलं अर्धं मला माहीत नव्हतं. मागे शब्दार्थ का दिले नाहीत? आमच्याकडचं वऱ्हाडी बोलीतलं पुस्तक तुम्हाला दिलं तर तुम्हीही अडखळाल ना.


तांडेल (मालवण)

ताई राग मानू नका, पण मी शब्दार्थाच्या विरोधात आहे. आम्ही शाळेत आणि पेपरात अख्खं आयुष्य तुमचे शब्द विचारत विचारत वाचलं, आमच्यासाठी कोणी मागे यादी दिली नाही. आता एका पुस्तकात आमचा शब्द आला तर तुम्ही विचारा की कोणाला तरी. विचारलंत की माणूस चार गोष्टी जास्त सांगतो.


कातळफूल (रत्नागिरी)

तांडेलदादा तुमचं मला पटतं पण पूर्ण नाही. मैत्रेयीताईंना आपण नको का पुस्तकात? आमच्या घरातच बघा, माझा मुलगा नववीत आहे, त्याला राब म्हणजे काय ते मला सांगावं लागलं, आणि तो इथेच राहतो, नागपूरला नाही. जमीन भाजायची, पालापाचोळा शेण पसरून पेटवायचं आणि त्या राखेत भाताचं बी पेरायचं, हे आमच्या शेतात त्याच्या डोळ्यासमोर होतं पण त्याला शब्द माहीत नव्हता. मासेमारीच्या पुस्तकात जाळ्यांची चित्रं काढलीत तशी इथेही चार चित्रं काढता आली असती, मांगराचं, नांगराचं. यादी दिली की वाचणारा सारखा मागे जातो हे मात्र खरं.


मैत्रेयी_प (नागपूर)

तुमचं दोघांचं वाचून काल रात्री परत उघडलं. ह्या वेळी मोठ्यानं वाचलं. खरंच फरक पडला. डोळ्यांनी वाचताना मी प्रत्येक शब्दाला थांबत होते, तोंडानं वाचताना वाक्य पुढे नेतं. ती जी पाणी भरायला जाणारी सून आहे, जिला सासू काही बोलत नाही, नुसती कळशी उलटी करून ठेवते, ती मला ऐकू आली. मांगर अजूनही दिसत नाही. कोणी फोटो टाकाल का? वऱ्हाडीतलं एक पुस्तक मी तांडेलकाकांना पाठवते, त्यात यादी नाही.


तांडेल (मालवण)

पाठवा. मोठ्यानं वाचीन.


पावटा_उसळ (चिपळूण)

कथांबद्दल जरा टीका करतो. बोली छापली म्हणून सगळ्याच कथा चांगल्या होत नाहीत. सात कथा आहेत, त्यांतल्या चारांमध्ये गोष्ट अडली की नायक मुंबईला जातो आणि लेखकाची सुटका होते. घरात भांडण झालं, गेला मुंबईला. जमिनीचा वाद लागला, गेला मुंबईला. आपल्याकडे माणसं मुंबईला जातात हे खरंच आहे, प्रत्येक घरातून गेलीत, पण जी मागे राहिली त्यांचं काय झालं ते ह्याच लेखकाला लिहिता येतं आणि तोच तिथे थांबतो. कळशीवाली कथा म्हणून सगळ्यांत चांगली, कारण त्यात कोणी कुठे जात नाही. शेवटची कथा तर घाईत संपवलीय, दोन पानांत तीन मृत्यू. प्रकाशकांनी लेखकाला सांगायला हवं होतं की थांब, अजून एक पावसाळा घे. छोट्या प्रकाशकाकडे हेच तर असतं, वेळ. मोठ्या ठिकाणी संपादकाला लेखकाचं तोंडही दिसत नाही, इथे तर लेखक दोन वाड्या पलीकडे राहतो.


जुळारी

पावटा_उसळ, तुमची पोस्ट मी लेखकाला वाचून दाखवली, तुमची हरकत नसेल असं धरून. तो म्हणाला मुंबईचं बरोबर पकडलं. शेवटच्या कथेबद्दल काही म्हणाला नाही.


चाकरमानी (विरार)

कोणी मुंबई-पुण्याकडे मागवणार असेल तर पोस्टाचं सांगतो कारण मी मध्ये गोंधळलो होतो. डिसेंबर २०२४ मध्ये पुस्तकांचं ते जुनं स्वस्त रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद झालं, तेव्हा मी एक प्रत मागवली तर पुस्तकाच्या पाव किमतीएवढं टपाल झालं. मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू झालंय. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. ही पुस्तकं पातळ आहेत, एक प्रत २० मध्ये बसते. जमिनीवरून येतं त्यामुळे वेळ लागतो पण येतं. आमच्या चाळीतल्या सात जणांनी मिळून एक गठ्ठा मागवला, शंभराच्या आतबाहेर टपाल पडलं. गठ्ठ्यानं मागवा, वहिनींची पोस्टात एकच फेरी होते.


सडा_आणि_मी (राजापूर)

फुलांच्या पुस्तकाच्या बाजूनं दोन शब्द. बांधणी वाईट आहे, मान्य. ‘दर्या’ची चूक पण मी वाचली होती आणि मला वाटलं लेखकाला काही काव्यात्म म्हणायचंय, असो. पण त्या पुस्तकानं आमच्या गावात काय केलं ते सांगते. आमचा सडा म्हणजे लोकांच्या लेखी पडीक. सरकारी कागदावर पण पोटखराबा. गुरं चरायला आणि चिरे काढायला. मी शाळेत शिकवते, पाचवी-सहावी. जूनमध्ये पुस्तक घेऊन पोरांना सड्यावर नेलं. पहिल्या पावसानंतर दीपकाडीची पांढरी फुलं येतात, ती फक्त आपल्या कोकणपट्टीच्या कातळावर येतात हे पुस्तकात वाचून पोरं गप्प झाली. मग ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा सीतेची आसवं, निळी जांभळी, कातळावरच्या इंचभर मातीत. ही झाडं बारीक किडे खातात हे कळल्यावर तासभर कोणी उठेना, पालथं पडून बघत होती, गणवेश सगळे चिखलात.

त्यातल्या एका मुलानं आपल्या आजोबांना सांगितलं. आजोबा पुस्तक बघायला शाळेत आले आणि म्हणाले ह्या फुलाला आम्ही वेगळं म्हणतो. नाव सांगितलं ते पुस्तकात नव्हतं. मी ते पेन्सिलीनं फोटोच्या बाजूला लिहून ठेवलंय. मग दुसऱ्या एका आजी आल्या, त्यांनी तिसरंच सांगितलं. आता त्या प्रतीच्या समासात बरीच नावं जमलीत. सड्यावरच्या कातळशिल्पांसाठी बाहेरून माणसं गाड्या घेऊन येतात, २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्यापासून तर जास्तच, पण त्याच कातळावर पायाखाली काय उगवतं ते आमच्याच पोरांना माहीत नव्हतं. पुस्तक सुटलं तर सुटू दे, मी दोऱ्यानं शिवलंय.


अळूवडी (अलिबाग)

बाई, ती समासातली नावं प्रकाशकांना कळवा हो. पान फाटलं की जातील सगळी.


कातळफूल (रत्नागिरी)

अळूवडीताई अगदी बरोबर. मी काल वहिनींशी बोलले. मासेमारीचं पुस्तक संपत आलंय, दिवाळीनंतर दुसरी छपाई करायचं त्यांच्या मनात आहे. त्या म्हणाल्या धाग्यातलं सगळं मला एका कागदावर द्या. तर मी लिहायला घेतलंय. अष्टमीचं उधाण काढायचं, तिथीच्या पाऊणपटीचं गणित उदाहरणांसकट घालायचं (तांडेलदादा, हे तुम्हीच लिहून द्यायचंय, आणि तुमच्या शब्दांत, आम्ही ते ‘नीट’ करणार नाही), अक्षर मोठं, शिवणीची बांधणी. कथांच्या पुस्तकाची पहिली कथा लेखक पुन्हा मूळ बोलीत करून देतोय, जुळारीदादांकडे रेकॉर्डिंग गेलंसुद्धा. सड्याच्या बाईंनी समासाचे फोटो पाठवावेत. मैत्रेयीताई, मांगराचा फोटो आमच्या शेतातलाच टाकते उद्या, छप्पर गळतंय पण मांगरच आहे.

आणि एक आईचं. तिला कोणीतरी सांगितलं की चुका कळवायच्या आहेत, तर काल दुपारी चष्मा लावून मासेमारीचं पुस्तक घेऊन बसली. ती कोळीण नाही, आमचा काही संबंध नाही, पण लग्नाआधी खाडीपलीकडे माहेर होतं आणि तरीनं (खाडी ओलांडायच्या होडीनं) ये-जा असायची. पुस्तकात खाडीचा जो नकाशा आहे त्यात आमच्या बाजूच्या जागांची नावं दिलीत आणि पलीकडच्या काठावर नुसती रेघ आहे. तिनं मला पेन्सिल मागितलीन. तरीची जागा, तिच्या वरचा खडक, बायका कालवं फोडायला जायच्या तो दगड, ओहोटीला पायी ओलांडता यायची ती उथळ वाट, असं एकेक खूण करत नाव लिहीत गेली, अक्षर मोठं मोठं, दोन-दोन ओळी खाऊन. संध्याकाळपर्यंत अकरा झाली होती. एका जागेचं नाव तिला आठवेना, आज सकाळी मावशीला फोन लावलान, मावशीलाही आठवेना, ती तिच्या जावेला विचारून सांगणार आहे. तोवर नकाशा मी पाठवत नाही, थांबते.